टेल्युराइट लेझर-काच: २० ग्रॅमचा पहिला तुकडा, वजनापासून मोजमापापर्यंत

टेल्युराइट म्हणजे मुख्यतः टेल्युरियम डायऑक्साइडची काच, आणि तिच्यात लेझरचा प्रकाश देणारं मूलद्रव्य म्हणजे एर्बियम. एर्बियम घातलेल्या या काचेचा २० ग्रॅमचा तुकडा जिल्ह्याच्या किंवा तालुक्याच्या कॉलेजातही बनवता येतो. १००० अंशांपर्यंत जाणारी मफल भट्टी, ३०० अंशांच्या आसपास स्थिर राहणारी दुसरी छोटी भट्टी, मिलिग्रॅम दाखवणारा काटा आणि चालू स्थितीतलं फ्यूम हूड (घातक वाफा ओढून बाहेर टाकणारं कपाट) असलं की सुरुवात करता येते. काच वितळते पहिल्याच प्रयत्नात. बिघडतं ते दोन ठिकाणी: काचेत पाणी राहतं, आणि थंड करताना घाई होते. म्हणून खाली या दोन गोष्टींना जास्त जागा दिली आहे.

हीच काच का

हिंगोली जिल्ह्यात औंढ्याजवळ लायगो-इंडिया हे गुरुत्वीय लहरी टिपणारं यंत्र उभं राहतंय. त्याच्या ४ किलोमीटर लांबीच्या भुजांमध्ये १०६४ नॅनोमीटरचा लेझर धावणार आहे आणि त्याचे आरसे शुद्ध सिलिकाचे आहेत. १ मायक्रॉनच्या आसपास सिलिकाला तोड नाही. दूरसंचाराच्या १५५० नॅनोमीटरवरही सिलिका फायबरमध्ये किलोमीटरमागे फक्त ०.२ डेसिबल प्रकाश वाया जातो. मग विशेष काच लागते कधी? एक तर २ मायक्रॉनच्या बरंच पुढे जायचं असेल तेव्हा, कारण तिथे सिलिका फायबर प्रकाश गिळू लागतं. दुसरं म्हणजे लेझर काही सेंटिमीटरांत बसवायचा असेल तेव्हा. त्यासाठी काचेत एर्बियम, नियोडिमियम, थुलियम असे आयन दाटीनं मावायला हवेत, आणि सिलिकात ते लवकर गोळा होऊन एकमेकांची ऊर्जा खातात.

यामागचं कारण समजून घेतलं की काच निवडणं सोपं होतं. उत्तेजित एर्बियम आयनाला खाली उतरताना प्रकाश देता येतो किंवा काचेच्या कंपनांना ऊर्जा देऊन टाकता येते. बारवेत उतरण्यासारखं आहे हे. पायऱ्या उंच असतील तर तीन ढांगांत तळाशी पोचता, बुटक्या असतील तर बऱ्याच पायऱ्या मोजाव्या लागतात. आयनाच्या बाबतीत पायऱ्या जितक्या जास्त, तितकी कंपनांच्या वाटेनं उतरण्याची शक्यता झपाट्यानं घटते आणि प्रकाश द्यायला वाव राहतो. एर्बियमच्या २.७ मायक्रॉनच्या संक्रमणात दोन पातळ्यांमधलं ऊर्जेचं अंतर आहे सुमारे ३७०० प्रति सेंटिमीटर (वर्णपटाच्या कामात ऊर्जा याच एककात मोजतात). सिलिकाची सर्वांत मोठी कंपन-ऊर्जा ११०० च्या आसपास, म्हणजे साडेतीन पायऱ्यांत खेळ संपतो. टेल्युराइटमध्ये ती ७५० ते ८००, म्हणजे जवळपास पाच. झिर्कोनियम फ्लोराइडच्या काचेत ६०० च्या खाली, म्हणजे सहाहून जास्त.

हा हिशेब पाहिला की फ्लोराइड काच सरस वाटते, आणि २.७ मायक्रॉनच्या लेझरसाठी ती आहेच. १९७० च्या दशकात फ्रान्समधल्या रेन विद्यापीठात ती सापडली, तेव्हापासून अवरक्त फायबरमध्ये तिचा दबदबा आहे. पण ती कोरड्या वायूच्या ग्लोव्हबॉक्सशिवाय (हातमोजे बसवलेल्या बंद पेटीशिवाय) नीट जमत नाही आणि बनवताना हायड्रोजन फ्लोराइड सुटू शकतो. आर्सेनिक सल्फाइडसारख्या चाल्कोजेनाइड काचा त्याहून पुढच्या तरंगलांब्यांना पारदर्शक असतात, पण त्या निर्वातात बंद केलेल्या क्वार्ट्झच्या नळीत वितळवाव्या लागतात. नळी फुटली तर खोलीभर आर्सेनिक. शिकणाऱ्यांच्या प्रयोगशाळेत हा धोका पत्करू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. टेल्युराइट उघड्या हवेत वितळते, ८५० अंशांच्या आत काम होतं, ५ मायक्रॉनच्या आसपासपर्यंत पारदर्शक राहते आणि एर्बियम सहज सामावून घेते. पहिला हात तिच्यावरच बसवावा.

वजनं

सर्वांत भरवशाची रचना म्हणजे मोल टक्क्यांत टेल्युरियम डायऑक्साइड ७५, झिंक ऑक्साइड २०, सोडियम ऑक्साइड ५. एर्बियम घालताना अर्धा मोल टक्का एर्बियम ऑक्साइड घ्यायचा आणि तेवढा टेल्युरियम डायऑक्साइड कमी करायचा. २० ग्रॅम तयार काचेसाठी वजनं अशी येतात:

टेल्युरियम डायऑक्साइड १६.९६३ ग्रॅम
झिंक ऑक्साइड २.३२२ ग्रॅम
सोडियम कार्बोनेट (निर्जल) ०.७५६ ग्रॅम
एर्बियम ऑक्साइड ०.२७३ ग्रॅम

एकूण भरतं २०.३१४ ग्रॅम. सोडियम ऑक्साइड थेट वापरत नाहीत, कार्बोनेटमधून आणतात, त्यामुळे ०.३१४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड वितळताना उडून जातो. हा आकडा वहीत ठळक लिहून ठेवा. मूस, म्हणजे काच वितळवायचं भांडं, रिकामी असताना तोलून ठेवा, आणि ओतून झाल्यावर मुशीला चिकटलेली काच व ओतलेला तुकडा मिळून वजन करा. घट ०.३१ च्या आसपास असेल तर रचना जागेवर आहे. घट अर्ध्या ग्रॅमच्या वर गेली तर टेल्युरियम डायऑक्साइड उडालाय, म्हणजे भट्टी ठरवल्यापेक्षा जास्त तापली होती किंवा वितळ फार वेळ आत राहिला होता. दुसरं यंत्र न वापरता रचना तपासायचा याहून सोपा मार्ग नाही.

या प्रमाणात काचेची घनता ५.३ धरली तर दर घन सेंटिमीटरमध्ये साधारण २.३ गुणिले १० चा २० वा घात इतके एर्बियम आयन बसतात. सुरुवातीला एवढे पुरेत. चौपट घातले तर काच होईल, पण आयन एकमेकांच्या इतके जवळ येतील की उत्तेजना एकाकडून दुसऱ्याकडे फिरत शेवटी एखाद्या पाण्याच्या गटाशी जाऊन विझेल.

शुद्धता ९९.९९ टक्के मागवा. इथे काटकसर करू नका, कारण साध्या ग्रेडमधल्या लोखंडाचा आयन १ मायक्रॉनच्या आसपास प्रकाश शोषतो आणि तांब्याचा ८०० नॅनोमीटरच्या बाजूला. याच कारणानं पावडर लोखंडी चमच्यानं काढू नका, प्लॅस्टिकचा चमचा वापरा.

पावडरीतलं पाणी

आता मुख्य शत्रूकडे. काचेत अडकलेले हायड्रॉक्सिल गट, म्हणजे पाण्याचे अवशेष, ३ ते ३.५ मायक्रॉनच्या पट्ट्यात प्रकाश शोषतात. तेवढंच असतं तर तो पट्टा टाळता आला असता. पण त्यांच्या कंपनाची ऊर्जा ३००० प्रति सेंटिमीटरच्या आसपास असते आणि एर्बियमच्या १.५ मायक्रॉनच्या संक्रमणाची ६५०० च्या आसपास. म्हणजे आयनाला पाण्याच्या दोन पायऱ्यांत तळ गाठता येतो. काच काचेसारखी सुंदर, गुलाबी, स्वच्छ दिसते आणि लेझर म्हणून मेलेली असते. डोळ्याला यातलं काही कळत नाही.

आपल्याकडे ऑगस्ट-सप्टेंबरच्या सकाळी हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर जाते. हस्ताचा पाऊस चालू असताना कार्बोनेटची बाटली दहा मिनिटं उघडी राहिली तर वजनात पाणी मोजलं जातं. मराठवाड्यात या कामाला खरा चांगला काळ दिवाळीनंतर होळीपर्यंतचा. उन्हाळ्यातली हवाही कोरडी असते, पण मे महिन्यात ४२ अंशांच्या खोलीत भट्टीसमोर जाड हातमोजे आणि चेहऱ्यावर ढाल घालून उभं राहणाऱ्याचा हात चुकतो. कॉलेजच्या वेळापत्रकात बसत असेल तर ओतकाम डिसेंबर-जानेवारीत घ्या आणि पावसाळा पॉलिश व मोजमापासाठी ठेवा.

सोडियम कार्बोनेट २५० अंशांवर ४ तास भाजा. झिंक ऑक्साइड आणि टेल्युरियम डायऑक्साइड २०० अंशांवर रात्रभर ठेवा. दुर्मीळ मृदेची ऑक्साइडं हवेतलं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड ओढून घेतात. एर्बियमच्या मानानं नियोडिमियम आणि लँथॅनमची ऑक्साइडं यात फारच हावरट. एर्बियमसकट ही सगळी ८०० ते ९०० अंशांवर दोन तास तापवून मगच वजनाला घ्या, नाहीतर ०.२७३ ग्रॅम मोजलेत त्यात किती पाणी होतं हे कधीच कळणार नाही. सगळं डेसिकेटरमध्ये, म्हणजे ओल शोषणारा जेल ठेवलेल्या बंद भांड्यात, थंड करा. गरम पावडर काट्यावर ठेवली तर वर जाणारी हवा वजन कमी दाखवते. डेसिकेटरमधला निळा सिलिका जेल गुलाबी झाला असेल तर तो शोभेपुरताच आहे, १२० अंशांवर दोन-तीन तास भाजून परत निळा करा.

मिसळायला अकीकाचा खल घ्या आणि २० मिनिटं कोरडंच घोटा. अॅसिटोन घालून ओलं घोटायची सवय सिरॅमिकच्या कामातून येते, इथे ती नको. अॅसिटोनचा, टिश्यू पेपरचा किंवा बोटाच्या तेलाचा अंश राहिला की त्यातला कार्बन टेल्युरियम डायऑक्साइडमधला ऑक्सिजन काढून घेतो आणि धातुरूप टेल्युरियम सुटतं. काच करडी होते. मूस प्लॅटिनमची असेल तर नुकसान फार मोठं: टेल्युरियम प्लॅटिनमशी कमी तापमानाला वितळणारा मिश्रधातू करतं आणि मुशीला भोक पडतं.

टेल्युरियमच्या पावडरीबद्दल एक इशारा. अगदी थोडी पोटात किंवा फुप्फुसात गेली तरी शरीर तिचं डायमिथाइल टेल्युराइड करतं आणि श्वासाला, घामाला लसणासारखा वास येतो. तो दिवसेंदिवस टिकतो. लसूण न खाता सहकाऱ्याच्या तोंडाला असा वास आला तर हूड नीट ओढत नाही असं समजा आणि काम थांबवा. एन-९५ मास्क, नायट्राइलचे हातमोजे आणि वजन करायची वेगळी जागा हवीच. गर्भवती किंवा स्तनपान देणाऱ्या सहकाऱ्यांना या पावडरीच्या कामापासून पूर्ण दूर ठेवा.

मूस आणि भट्टी

चिनी मातीची किंवा सिलिकाची मूस चालत नाही, टेल्युराइटचा वितळ ती खातो आणि त्यातली सिलिका काचेत येते. सर्वांत चांगली मूस सोन्याची किंवा प्लॅटिनमची. सोनं १०६४ अंशांना वितळतं आणि आपलं काम ८५० च्या आत संपतं, म्हणून ते सुरक्षित आहे. बजेट नसेल तर ९९.७ टक्क्यांची घट्ट अॅल्युमिनाची ३० मिलिलिटरची मूस घ्या. थोडं अॅल्युमिना काचेत उतरेल, काच किंचित कडक होईल, शिकण्यासाठी बिघडत नाही. मोजमापाच्या वहीत तशी नोंद मात्र करा. लालबुंद प्लॅटिनमला लोखंडी सांडशी थेट लावू नका, टोकांना प्लॅटिनम असलेली सांडशी हवी.

मूस अर्ध्याच्या वर भरू नका. कार्बन डायऑक्साइड सुटताना पावडर फेसाळते आणि कडेवरून सांडली तर भट्टीच्या तळाची वीट खाऊन टाकते.

तापवताना मिनिटाला ५ अंशांनी ३५० पर्यंत जा आणि तिथे दीड तास थांबा. उरलंसुरलं पाणी याच टप्प्यावर, पावडर अजून मोकळी असताना, बाहेर पडतं. एकदा वितळ झाला की पाणी वितळात मुरतं आणि काढणं दसपट अवघड होतं. पुढे ६०० वर अर्धा तास, कार्बोनेट संपेपर्यंत. मग ८२५ अंश, ४५ मिनिटं. दर १५ मिनिटांनी मूस सांडशीनं धरून हळूच गोल फिरवा. टेल्युराइटचा वितळ पाण्यासारखा पातळ असतो, तरी न ढवळलेल्या काचेत पुढे उजेडासमोर धरल्यावर पाकातल्यासारख्या रेघा दिसतात. लेझरचा किरण त्या रेघांत वेडावाकडा वळतो. ९०० च्या वर जाऊ नका.

कोरड्या ऑक्सिजनची सोय करता आली तर करा, सगळ्या खर्चात याचं फळ सर्वांत मोठं. सिलिंडरमधला ऑक्सिजन ४ अँगस्ट्रॉमच्या मॉलिक्युलर सीव्हच्या (पाणी शोषणाऱ्या दाण्यांच्या) नळीतून नेऊन मिनिटाला १ लिटरच्या वेगानं मुशीवर सोडायचा. तो मुशीवरची दमट हवा हटवतो, वितळातलं पाणी ओढून नेतो आणि टेल्युरियमला धातू होऊ देत नाही. रेग्युलेटरला आणि जोडांना तेल-ग्रीस लावायचं नाही, शुद्ध ऑक्सिजनमध्ये ते पेटतं.

वितळातलं पाणी रसायनानं काढायचा आणखी एक मार्ग म्हणजे झिंक ऑक्साइडचा काही भाग झिंक फ्लोराइडनं बदलणं. फ्लोरीन हायड्रॉक्सिलशी जोडी जमवून हायड्रोजन फ्लोराइड म्हणून निघून जातो. काच उत्तम कोरडी होते. पण हा वायू हाडांपर्यंत जाळतो. हूडचा ओढा मोजलेला नसेल आणि अशा भाजण्यावर लावायची कॅल्शियम ग्लुकोनेटची जेल हाताशी नसेल, तर ही पायरी सरळ सोडून द्या.

ओतणं

साचा पितळेचा करून घ्या. वाळूज किंवा चिकलठाणा एमआयडीसीतल्या कुठल्याही मिलिंगच्या वर्कशॉपमध्ये होतो. कोरलेला डबा नको. १० मिलिमीटर जाडीची एक सपाट पाटी आणि तिच्यावर एकमेकांना सरकवून बसणारे एल आकाराचे दोन तुकडे सांगा. मधली जागा २५ गुणिले १५ मिलिमीटर ठेवली तर आपली काच साधारण ९ मिलिमीटर उंच भरते. आतले पृष्ठभाग आरशासारखे घासलेले हवेत, आणि वर्कशॉपचं कटिंग ऑइल साबण व मग डिस्टिल्ड पाण्यानं पूर्ण गेलेलं हवं.

या काचेचं काचसंक्रमण तापमान, म्हणजे जिथे ती कडकपणा सोडू लागते ते, ३०० अंशांच्या आसपास आहे. साचा त्याच्या २० अंश खाली, २८० वर, निदान एक तास छोट्या भट्टीत ठेवा. ओतण्याआधी मोठ्या भट्टीचं तापमान ७४० वर आणून १० मिनिटं थांबा: वितळ थोडा दाट होतो, बुडबुडे वर येतात आणि ओतताना हवा गुंडाळली जात नाही.

एकानं साचा बाहेर काढावा, दुसऱ्यानं मूस. मुशीचं तोंड साच्यापासून दोन सेंटिमीटरवर, धार बारीक आणि अखंड. धार तुटली की जोडाच्या जागी घडी पडते. शेवटचा थेंब झटकून काढायचा मोह आवरा, थंडावलेला तो थेंब वर बुडबुड्यासारखा बसतो. गुलाबी वितळ २०-३० सेकंदांत वरून थिजतो, कडाही धरतात. त्याच वेळी एल तुकडे केसभर सैल करा. पितळ आकसताना काचेला चिमटीत धरतं आणि तिथूनच तडा जातो. लगेच सगळं छोट्या भट्टीत. मूस उचलल्यापासून भट्टीचं दार बंद होईपर्यंत एक मिनिट.

अंगावर सुती कपडे, बंद बूट, ओढणी किंवा पदर बांधलेला. ७४० अंशांची काच नायलॉनवर पडली की कातडीला चिकटते.

अनीलिंग आणि वीज

टेल्युराइट काच तापल्यावर सिलिकाच्या सुमारे तीसपट प्रसरण पावते. सिलिकाची मूस लाल असताना पाण्यात टाकली तरी टिकते, ही काच मात्र बोटाच्या टोकाएवढ्या जाडीतही आतून-बाहेरून वेगवेगळ्या वेगानं थंडावली की फुटते. कधी लगेच, कधी तीन दिवसांनी कपाटात.

म्हणून अनीलिंग, म्हणजे काच ठरावीक तापमानाला धरून मग सावकाश थंड करणं. २८० ते २८५ अंशांवर ४ तास. मग २०० पर्यंत मिनिटाला अर्धा अंश, तिथून ६० पर्यंत मिनिटाला १ अंश. हे सगळं मिळून ९ तास. ६० वर भट्टी बंद करा आणि दार सकाळी उघडा.

या ९ तासांत वीज जाईल हे धरूनच तयारी करा. भट्टीच्या मोकळ्या पोकळीत साच्याभोवती उष्णतारोधक विटांचे तुकडे रचा. वीज गेली तरी विटा उष्णता धरून ठेवतात आणि तापमान सावकाश उतरतं. तापमान-नियंत्रकात वीज परत आल्यावर काय करायचं याची सेटिंग असते. ती 'जिथे होतो तिथून पुढे' वर ठेवा. 'पहिल्यापासून' वर असेल तर नियंत्रक काचेला पहिल्या पायरीच्या वेगानं वर तापवेल. वीज गेल्यावर दार उघडून बघायचं नाही, के-प्रकारच्या थर्मोकपलला (तापमान मोजणाऱ्या तारांच्या जोडीला) बॅटरीवरचं मीटर जोडून वाचायचं. तापमान २५० च्या खाली गेलं असेल तर काच वाया गेली असं समजू नका. वीज आल्यावर मिनिटाला १ अंशानं परत २८२ वर न्या, पुन्हा ४ तास धरा, आणि उतरणीला नव्यानं सुरुवात करा. अनीलिंग कितीही वेळा करता येतं, फक्त ३३० च्या वर नेऊ नका, काच मऊ होऊन साच्याचा ठसा घेईल. ४०० च्या पुढे तर आत स्फटिक उगवतील आणि काच दुधी होईल. दुधी झालेली काच अनीलिंगनं परत स्वच्छ होत नाही, ती पुन्हा वितळवावीच लागते.

ताण राहिलाय का हे बघायला पोलॅरिस्कोप विकत घ्यायची गरज नाही. एलसीडी पडद्याच्या लॅपटॉपवर पूर्ण पांढरं पान उघडा, समोर पोलरायझर शीट धरून ती पडदा काळा होईपर्यंत फिरवा, आणि काच दोन्हींच्या मध्ये आणा. काळ्यात काच काळीच दिसली तर काम झालं. कोपऱ्यांतून उजेड फुटत असेल, करड्या-पांढऱ्या पाकळ्या दिसत असतील, तर ताण आहे. असा तुकडा करवतीखाली घालू नका, परत अनीलिंगला द्या.

कापणं, घासणं

कमी वेगाची डायमंड करवत, भरपूर पाणी आणि फक्त पात्याचं स्वतःचं वजन. काच मऊ आहे, दाबलं की कडेला कपच्या उडतात. पाणी डिस्टिल्ड घ्या: आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यातला क्षार वाळल्यावर पृष्ठभागावर पांढरे ठिपके सोडतो आणि घासताना तेच ठिपके ओरखडे काढतात. सिलिकॉन कार्बाइडचा कागद ४००, ६००, ८००, १२०० असा क्रमानं. प्रत्येक पायरीला आधीचे ओरखडे पूर्ण जाईपर्यंत, दिशा काटकोनात बदलत. शेवटी मऊ कापडावर ०.३ मायक्रॉन अॅल्युमिना. साध्या काचेला सेरियम ऑक्साइड लावायची पद्धत आहे, पण या मऊ काचेवर अॅल्युमिनाचा हात जास्त स्वच्छ बसतो. एक चकती ३ मिलिमीटरची करा, दोन्ही बाजू समांतर.

मोजमाप

वर्णपटमापीत तुकडा ठेवला आणि पारगमन ८० टक्क्यांच्या वर जात नाही म्हणून पुष्कळ जण काच टाकून देतात. काच निर्दोष असते. तिचा अपवर्तनांक २ च्या आसपास आहे, म्हणून प्रत्येक पृष्ठभाग ११ टक्के प्रकाश परत फेकतो आणि कमाल पारगमन ८० टक्केच असतं. ७८ आलं तर पॉलिश चांगलं झालंय. ७० च्या खाली, आणि निळ्याकडे आणखी घसरत असेल, तर आत बारीक स्फटिक किंवा बुडबुडे आहेत, किंवा टेल्युरियम धातू सुटलाय.

एर्बियमच्या शोषणाच्या दऱ्या ५२१, ६५३, ८००, ९७५ आणि १५३० नॅनोमीटरच्या जवळ दिसायला हव्यात. त्या जागेवर असतील तर आयन काचेत नीट बसलाय.

आता पाणी. एफटीआयआरवर, म्हणजे अवरक्त वर्णपटमापीवर, २.५ ते ४ मायक्रॉनचा पट्टा घ्या. पट्ट्याबाहेरचं पारगमन भागिले ३.३ मायक्रॉनजवळच्या तळाचं पारगमन, त्याचा नैसर्गिक लॉगॅरिदम, भागिले सेंटिमीटरमध्ये जाडी. समजा बाहेर ७८ टक्के, तळाशी ५०, जाडी ०.३ सेंटिमीटर. उत्तर येतं १.४८ प्रति सेंटिमीटर. ही ओली काच. कोरड्या ऑक्सिजनखाली केलेल्या तुकड्यात तळ ७५ वर राहिला तर उत्तर ०.१३. दोन्ही तुकडे टेबलावर शेजारी ठेवले तर कुणालाही फरक सांगता येणार नाही. म्हणूनच हा आकडा प्रत्येक तुकड्याच्या नोंदीत पहिला असावा, रंग आणि चमक नंतर.

दुसरी कसोटी म्हणजे आयुष्यकाल. ९८० नॅनोमीटरच्या लेझर डायोडचा किरण चॉपरनं (फिरणाऱ्या खाचांच्या चकतीनं) तोडून काचेवर सोडा, १५३० चा प्रकाश इंडियम गॅलियम आर्सेनाइडच्या फोटोडायोडवर घ्या आणि ऑसिलोस्कोपवर तो ३७ टक्क्यांपर्यंत उतरायला किती वेळ लागतो ते वाचा. कोरड्या टेल्युराइटमध्ये ३ ते ४ मिलिसेकंद यायला हवेत. १ मिलिसेकंद आला तर पाणी किंवा आयनांची गर्दी. उलट ६-७ आला तर हुरळून जाऊ नका: जाड तुकड्यात एका आयनानं सोडलेला प्रकाश दुसरा शोषतो आणि परत सोडतो, त्यामुळे आकडा फुगतो. किरण काचेच्या कडेजवळून, मिलिमीटरभर आत न्या आणि परत मोजा.

याच प्रयोगात काच हिरवी उजळते. ९८० चा किरण डोळ्याला दिसत नाही, पण एर्बियम दोन फोटॉन एकावर एक चढवून ५४५ नॅनोमीटरचा हिरवा प्रकाश देतं, आणि गुलाबी काचेच्या पोटात हिरवी सुई उभी राहते. पाहणारा नकळत वाकतो. नेमका तोच क्षण धोक्याचा. ९८० नॅनोमीटर बुबुळातून थेट रेटिनावर जमा होतं आणि डोळा मिटण्याइतकी जाणीवही होत नाही. ९८० साठी ऑप्टिकल डेन्सिटी ५ किंवा जास्त असलेला (प्रकाश निदान लाखपट कमी करणारा) चष्मा खोलीतल्या प्रत्येकाच्या डोळ्यावर हवा. घड्याळ, अंगठी, बांगड्या काढून ठेवा, किरण त्यावरून उसळतो. हिरवी सुई बघायची असेल तर मोबाइलच्या कॅमेऱ्यातून बघा.

टेल्युराइट हाताला बसली की पुढची पायरी फॉस्फेट काच. एर्बियम-इटर्बियमचे १.५४ मायक्रॉनचे अंतर-मापक लेझर तिच्यावरच चालतात, कारण ती टेल्युराइटपेक्षाही दाट आयन पेलते. पण ती १००० अंशांच्या पुढे वितळते आणि तिचा कच्चा माल पाण्याचा भुकेला असतो. आपल्या देशात नियोडिमियमच्या फॉस्फेट लेझर-काचेवर कोलकात्याच्या केंद्रीय काच व सिरॅमिक संशोधन संस्थेनं आणि इंदूरच्या राजा रामण्णा केंद्रानं बरंच काम केलं आहे.

प्रत्येक तुकडा वेगळ्या डबीत ठेवा. डबीवर तारीख, त्या दिवशीची खोलीतली आर्द्रता, मुशीचा प्रकार, वजनातली घट आणि पाण्याचा आकडा लिहा. घासताना निघालेला गाळ मोरीत सोडू नका. तो बरणीत बसू द्या, वरचं पाणी दुसऱ्या बरणीत काढा, आणि दोन्ही बरण्या टेल्युरियमचं नाव लिहून घातक कचऱ्यात द्या.